‘कळलं का?’ ‘होऽऽऽ!’ : वर्गातलं बोलणं दोन्ही बाजूंनी व्हावं म्हणून

पाचवी ते आठवीचे वर्ग भरले असताना शाळेच्या व्हरांड्यातून एक चक्कर मारा. दर पाच-सात मिनिटांनी कुठल्या तरी वर्गातून ओळखीचा सूर येतो. शिक्षक विचारतात, ‘कळलं का?’ आणि चाळीस गळे शेवटचा स्वर लांबवत म्हणतात, ‘होऽऽऽ!’ या ‘हो’मधून शिक्षकाला काहीही समजत नाही. ‘नाही’ म्हणणं मुलाला महाग पडतं: तेच पुन्हा ऐकावं लागतं, शेजारचा हसतो, मधल्या सुट्टीतली दोन मिनिटं जातात. ‘हो’ फुकट असतं. मुलं हिशेबाला पक्की असतात.

पुढची सगळी कृती तीस ते पन्नास मुलांच्या, पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासाच्या मराठी शाळेसाठी आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक, असं प्रमाण ठरवलं आहे. प्रत्यक्ष वर्ग कधी त्याहून भरलेला असतो, तर कधी एकाच खोलीत दोन इयत्ता बसलेल्या असतात. दोन्हीकडे हे जमतं, फक्त थोडे फेरफार करावे लागतात. ते जागोजाग सांगितले आहेत.

आधी आपलाच तास ऐका

सुधारणा करण्याआधी मोजणी हवी. एका तासाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. मोबाइल टेबलावर ठेवला तर त्यात फक्त तुमचाच आवाज येतो, म्हणून तो मधल्या ओळीतल्या तिसऱ्या-चौथ्या बाकावर, एखाद्या वहीवर ठेवा. थेट लाकडावर ठेवला तर बाकाची प्रत्येक करकर रेकॉर्ड होते. पंख्याखालचा बाक टाळा. पत्र्याच्या छताची खोली असेल तर पावसाच्या दिवशी हा उद्योग करूच नका. मुलांना आधी सांगा: ‘मी माझंच बोलणं तपासणार आहे.’ ते रेकॉर्डिंग कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही, काम झालं की पुसून टाकायचं.

बी.एड. केलेल्यांना फ्लँडर्सची पद्धत आठवत असेल. नेड फ्लँडर्स या अमेरिकी संशोधकाने वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार पाडले: सात शिक्षकाचे, दोन विद्यार्थ्याचे आणि दहावा शांततेचा किंवा गोंधळाचा. दर तीन सेकंदांनी त्या क्षणी काय चाललं आहे त्याचा आकडा लिहायचा, म्हणजे मिनिटाला वीस आणि दहा मिनिटांत दोनशे नोंदी. परीक्षेपुरतं ते पाठ होतं आणि नंतर विसरलं जातं. घरी बसून स्वतःसाठी करायला दहा प्रकार फार झाले. पाच पुरेत: ‘सां’ म्हणजे शिक्षक सांगतात, ‘वि’ म्हणजे शिक्षक विचारतात, ‘उ’ म्हणजे मूल विचारल्यावर उत्तर देतं, ‘आ’ म्हणजे मूल आपणहून बोलतं, ‘शां’ म्हणजे शांतता. तासाच्या मधली दहा मिनिटं घ्या आणि दर पाच सेकंदांनी एक खूण करा. एकशेवीस खुणा होतात, काम अर्ध्या तासाचं आहे. सामूहिक ‘होऽऽऽ’ला ‘उ’ देऊ नका, तो कागदाच्या कडेला वेगळा मोजा.

फ्लँडर्सने पाहिलेल्या वर्गांत साधारण दोन तृतीयांश वेळ कोणी ना कोणी बोलत असे आणि त्यातला दोन तृतीयांश वाटा शिक्षकाचा असे. आपल्याकडच्या कागदावर ‘सां’ची रांग त्याहून लांब निघाली तर दचकू नका. बघायचं ते ‘आ’कडे. दहा मिनिटांत एकही ‘आ’ नसेल, किंवा आहेत ते सगळे ‘बाई, किती ओळी सोडू?’ आणि ‘सर, पेनने लिहायचं का?’ अशा जातीचे असतील, तर मुलं तुमच्याशी बोलतात ती वहीबद्दल. विषयाबद्दल अजून बोलत नाहीत.

प्रश्न टाचणात शब्दशः लिहा

पाठ टाचणात, म्हणजे तासाआधी लिहायच्या आराखड्यात, ‘प्रश्नोत्तराद्वारे पाठ विकसित केला’ असं लिहिलं जातं, पण प्रश्न कुठले ते लिहिलेलं नसतं. ऐनवेळी सुचतो तो प्रश्न नेहमी सोपा आणि एका शब्दाच्या उत्तराचा असतो: राजधानी कोणती, कोणत्या साली, काय म्हणतात. असे प्रश्नही लागतात, पण त्यांनी मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते बाहेर येत नाही. म्हणून एका तासाला चार प्रश्न, जास्त नको, पण पूर्ण वाक्यात आदल्या दिवशी लिहून ठेवा. एका प्रश्नाला विचारणं, थांबणं, जोडीत बोलणं आणि दोन-तीन उत्तरं ऐकणं यात चार मिनिटं जातात. चार प्रश्नांची सोळा मिनिटं झाली. उरलेला वेळ सांगायला आणि लिहायला पुरतो.

‘कळलं का?’च्या जागी काय विचारायचं, हे विषयानुसार ठरतं. भूगोलात: ‘सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी का, हे काल न आलेल्या मुलाला दोन वाक्यांत कसं सांगशील?’ गणितात: ‘हे गणित सोडवू नका. उत्तर एकापेक्षा मोठं येईल की लहान, एवढंच सांगा आणि का ते सांगा.’ भाषेत: ‘या धड्यात आजीच्या जागी आजोबा असते तर कुठलं वाक्य बदलावं लागलं असतं?’ या तिन्ही प्रश्नांना ‘हो’ हे उत्तर देताच येत नाही.

विचारताना क्रम महत्त्वाचा. ‘सोमनाथ, सांग रे, समच्छेद म्हणजे काय?’ असं म्हटलं की ‘सोमनाथ’ ऐकताक्षणी उरलेल्या एकोणचाळीस जणांनी श्वास सोडलेला असतो. आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव. जुनी सवय मोडायला आठ-दहा दिवस लागतात, कारण नाव तोंडातून आधी निसटतं. एका वेळी एकच प्रश्न विचारा. ‘अपूर्णांक म्हणजे काय? म्हणजे अंश कुठला? छेद कुठे लिहितो?’ अशी माळ लावली की मुलं शेवटच्या, सर्वांत सोप्या मण्यालाच हात घालतात.

थांबणं

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड पायरी हीच. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न बदलतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. फळ्यासमोर उभं राहून बघा, ते संपता संपत नाहीत.

मनात ‘एक, दोन, तीन’ म्हटलं तर घाईत ते दीड सेकंदात आटोपतं. त्यापेक्षा पाचपर्यंत मोजा, किंवा एक श्वास पूर्ण घ्या आणि पूर्ण सोडा. या वेळात डस्टर उचलू नका, फळ्याकडे वळू नका, ‘बोला, बोला’ म्हणू नका. नजर वर्गावर हळू फिरवा. कारण सांगायच्या प्रश्नाला दहा सेकंदही कमीच पडतात. तिथे ‘आधी कच्च्या वहीत एक ओळ लिहा’ सांगून सरळ मिनिटभर द्या.

थांबायच्या जागा दोन आहेत. दुसरी फार कमी जणांच्या लक्षात येते: मुलाचं उत्तर संपल्यावर. मूल एक वाक्य बोलतं, श्वास घेतं, तेवढ्यात आपलं ‘बरोबर! बस खाली’ येतं. तिथे आणखी तीन सेकंद गप्प राहिलं तर बहुतेक वेळा त्याचं ‘कारण...’ सुरू होतं. हवी असलेली गोष्ट नेमकी त्या ‘कारण’नंतर येते.

शांततेत हमखास एक अडचण येते. पुढच्या बाकावरची चार मुलं ‘बाई मी! बाई मी!’ करत अर्धी उभी राहतात आणि बाकीच्यांचा विचार तिथेच तुटतो. यावर ‘हात वर करायचा तो प्रश्न विचारायला, उत्तर द्यायला नाही’ असा नियम करता येतो. उत्तर कोणी द्यायचं ते चिठ्ठी ठरवते. खडूच्या रिकाम्या पेटीत हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या टाका. निघालेली चिठ्ठी पुन्हा पेटीत टाकायचीच, नाहीतर एकदा नंबर येऊन गेला की ते मूल दिवसभर सुट्टीवर जातं. पहिला आठवडा हुशार मुलं रुसतात. त्यांना सांगा की शेवटचा, अवघड प्रश्न हातवाल्यांसाठी राखून ठेवला आहे. आणि तो खरंच राखून ठेवा.

चिठ्ठी निघालेलं मूल ‘माहीत नाही’ म्हणालं तर? ‘बरं, बस’ म्हणू नका, आणि उभंही ठेवू नका. ‘ठीक, दोघांचं ऐक, मग मी तुझ्याकडे परत येतो. कोणाचं पटलं ते सांग.’ आणि परत जा. विसरलात तर तिसऱ्या दिवसापासून ‘माहीत नाही’ हा सुटकेचा रस्ता होतो.

जोडीचा हिशेब

पस्तीस मिनिटांचे 2100 सेकंद होतात. शिक्षक पूर्ण गप्प बसले आणि चाळीस मुलं एकामागून एक बोलली तरी प्रत्येकाच्या वाट्याला बावन्न सेकंद येतात. म्हणजे एक-एक मुलाला उभं करून सगळ्यांना बोलतं करणं शक्यच नाही. तेच, शेजाऱ्याशी एक मिनिट बोलायला सांगितलं की वीस तोंडं एकाच वेळी चालतात.

‘जोडीत चर्चा करा’ एवढं सांगून भागत नाही, कारण मग गप्पा होतात. काय बोलायचं, किती वेळ, आणि शेवटी काय द्यायचं, हे तिन्ही सांगा: ‘खिडकीकडचा आधी सांगेल, अर्धं मिनिट. मग दाराकडचा. शेवटी मी विचारीन की तुझा जोडीदार काय म्हणाला.’ हा शेवटचा भाग ऐकणं सक्तीचं करतो. आवाज वाढणारच. वेळ संपल्याची खूण म्हणून ओरडू नका, हात वर करून उभे राहा. खूण दिसली की मुलांनीही हात वर करून गप्प व्हायचं. आठवडाभरात हे अंगवळणी पडतं. एका खोलीत दोन इयत्ता असतील तर जोडीचं काम दोन्हींना एकाच वेळी देऊ नका. एक इयत्ता लिहीत असताना दुसरी बोलेल असं टाचण करा.

चुकीचं उत्तर हातात आलं की

इथे जरा रेंगाळायला हवं, कारण वर्ग बोलता राहतो की मिटतो ते याच जागी ठरतं. पाचवी-सहावीत दरवर्षी भेटणारी चूक घ्या. फळ्यावर आहे: एक छेद दोन अधिक एक छेद तीन. चिठ्ठी रोहिणीची निघते. ती म्हणते, ‘दोन छेद पाच.’

रोज घडतं ते असं: ‘चूक. कोण सांगेल?’ मागून कोणीतरी ‘पाच छेद सहा’ म्हणतो. ‘शाब्बास!’ पुढचं गणित. रोहिणीला कळलं ते एवढंच, की आपण बोललो तर चुकतो. तिच्यासारखाच हिशेब केलेली आणखी बारा मुलं वहीतलं उत्तर गुपचूप खोडतात. खोडरबराचा तो आवाज ऐकायला शिकलं पाहिजे.

आता हेच दुसऱ्या पद्धतीने.

‘दोन छेद पाच कसं काढलंस?’

‘बाई, एक आणि एक दोन. दोन आणि तीन पाच.’

‘म्हणजे अंशात अंश मिळवला, छेदात छेद. आणखी कोणाचं असंच आलंय?’ (सात-आठ हात वर येतात. इथे चेहरा हसरा नको आणि रागीटही नको.) ‘बरं. रोहिणी, अर्धी भाकरी घे. त्यात एक तृतीयांश भाकरी आणखी घातली. आता तुझ्याकडे अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी?’

‘जास्त.’

‘दोन छेद पाच म्हणजे पाच तुकड्यांतले दोन. ते अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’

इथे थांबायचं. पाचाचे अर्धे अडीच, आणि दोन त्याहून कमी. हे तिला किंवा शेजारणीला सापडेपर्यंत गप्प राहायचं. कोणीतरी म्हणतंच, ‘बाई, मिळवलं आणि कमी कसं झालं?’ हा प्रश्न मुलाकडून आला की छेद समान का करायचे हे सांगायला वर्ग तयार झालेला असतो. तुकडे वेगवेगळ्या मापाचे असताना मोजून एकत्र करता येत नाहीत. दोन्ही भाकऱ्यांचे सहा-सहा सारखे तुकडे केले तर एकीचे तीन, दुसरीचे दोन, मिळून पाच छेद सहा.

यात चार मिनिटं गेली. तीच चूक पुढे पंधरा वह्यांत लाल करत बसण्यापेक्षा हा सौदा परवडतो.

या छोट्या संवादात तीन गोष्टी घडल्या: ‘कसं काढलंस’ विचारलं, चूक एकटीची न ठेवता किती जणांची आहे ते पाहिलं, आणि तिच्याच उत्तराला धरून ते का टिकत नाही हे तिला दिसू दिलं. ‘कसं काढलंस’ हा प्रश्न फक्त चुकीच्या उत्तराला विचारू नका. मुलं चार दिवसांत ओळखतात की बाईंनी ‘कसं’ विचारलं म्हणजे आपण चुकलो. बरोबर उत्तरालाही त्याच आवाजात विचारा.

मुलाचं उत्तर मोठ्याने पुन्हा म्हणायची सवय जवळपास सगळ्या शिक्षकांना असते. मागच्यांना ऐकू जावं हा हेतू चांगला, पण परिणाम असा होतो की मुलं एकमेकांचं ऐकणं सोडून देतात, कारण बाई परत सांगणारच असतात. त्याऐवजी मूल हळू बोलत असेल तर तुम्ही त्याच्यापासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. आपण जवळ गेलो की ते आणखी हळू बोलतं. लांब गेलो की त्याचा आवाज आपोआप चढतो आणि मधले सगळे ऐकतात.

‘शाब्बास’ जपून वापरा. दर उत्तराला मिळालेला ‘शाब्बास’ हजेरीच्या ‘उपस्थित’इतकाच असतो. काय चांगलं झालं ते सांगा: ‘तू एकक लिहिलंस म्हणून उत्तर पूर्ण झालं.’

आपल्याच शब्दांत लपलेले खड्डे

काही चुका मुलाच्या नसतात, आपल्या उच्चाराच्या असतात. 0.35 मोठा की 0.5, यात बरीच मुलं 0.35 म्हणतात. शिक्षक ‘शून्य पूर्णांक पस्तीस’ असं वाचत असतील तर मुलांनी दुसरं काय म्हणावं? पस्तीस पाचापेक्षा मोठेच. ‘शून्य पूर्णांक तीन पाच’ असंच वाचा, आणि दशांश, शतांशाची घरं आखून त्यात अंक ठेवा.

श्रुतलेखनात ‘त्रेसष्ट’ म्हटलं की काही मुलं 36 लिहितात, कारण कानावर तीन आधी आणि साठ नंतर येतं. ‘एकोणतीस’ला 39 लिहिणाऱ्याने ‘तीस’ स्पष्ट ऐकलेलं असतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 22 साठी ‘वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर वाद रंगला. बाजू कुठलीही घ्या, अडचण खरी होती. अशा मुलाला ‘लक्ष कुठंय?’ म्हणण्याआधी ‘त्रेसष्टमध्ये साठ कुठे ऐकू आलं?’ असं विचारून बघा.

विज्ञानात ‘कार्य’ घ्या. मुलाच्या घरी कार्य म्हणजे लग्न-मुंज. एसटी स्टँडवर डोक्यावर पोतं घेऊन एका जागी उभा असलेला हमाल घामाघूम झाला तरी विज्ञानाच्या भाषेत त्याचं त्या पोत्यावरचं कार्य शून्य, कारण पोतं हललेलं नाही. रोजच्या अर्थाचा शब्द नव्या अर्थाने येतो तेव्हा ते मोठ्याने सांगा: ‘घरी या शब्दाचा अर्थ हा, या तासाला हा.’ सेमी इंग्रजीत अडचण दुहेरी होते. तिथे फळ्याच्या उजव्या कडेला हातभर रुंद पट्टा आखून घ्या आणि त्यात त्या तासाचे पाच-सहा शब्द जोडीने लिहा: न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद. तास संपेपर्यंत तो पट्टा पुसायचा नाही.

घरची भाषा

मेळघाटातल्या चिखलदरा-धारणीत मूल कोरकू बोलत शाळेत येतं, भामरागडात माडिया, धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली किंवा पावरी. कोरकू आणि माडिया तर मराठीच्या कुळातल्याही नाहीत. म्हणजे पहिलीतल्या त्या मुलासाठी शिक्षक परक्या भाषेत बोलत असतात, आणि त्याच्या गप्प बसण्याला ‘लाजाळू आहे’ असं नाव पडतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायला सांगतं. त्याच कलमात मूल भीतीपासून मुक्त असावं आणि त्याने मोकळेपणाने मत मांडावं, हेही आहे.

शिक्षकाला ती भाषा येत नसेल तरी सुरुवात करता येते. गावातल्या आईबापांच्या, अंगणवाडीताईंच्या मदतीने पन्नास शब्द-वाक्यांची यादी करा: ये, बस, पाणी, दुखतंय का, पुन्हा सांग, मला समजलं नाही, घरचे नातेवाईक, भांडी, जनावरं, एक ते दहा. ती देवनागरीत भिंतीवर लावा. तुमचा उच्चार चुकला की मुलं हसतील. हसू द्या, त्या दिवशी ती शिक्षक असतात. वरच्या वर्गातलं मराठी येणारं भावंड दुभाषी म्हणून चालतं, पण रोज तेच मूल नको, त्याचा स्वतःचा तास बुडतो. उत्तर घरच्या भाषेत आलं तर आधी उत्तर बरोबर आहे का ते पाहा, शब्द नंतर.

मराठीच्याच बोलींचं दुखणं वेगळं आहे. नागपूरकडचं मूल ‘मी जेवून राहिलो’ म्हणतं, मालवणकडचं ‘माका’ म्हणतं. त्याला मध्येच तोडून ‘नीट बोल’ म्हटलं की विचार तिथेच थांबतो आणि आई चुकीचं बोलते हा निष्कर्ष घरी जातो. बोलून होऊ द्या, मग तेच वाक्य प्रमाण भाषेत सहज आपल्या उत्तरात घ्या: ‘अच्छा, तू जेवत होतास तेव्हा वीज गेली.’ लिहिताना प्रमाण भाषा कुठे लागते ते स्वतंत्र तासाला शिकवा. त्यासाठी दोन रकाने पुरतात: ‘घरी म्हणतो’ आणि ‘पेपरात लिहितो’.

ऊसतोडीवरून मार्च-एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलाला सगळ्यांदेखत ‘इतके दिवस कुठे होतास?’ विचारू नका. त्याला ते ठाऊक आहे आणि वर्गालाही. त्याला एक जोडीदार द्या आणि पहिले चार दिवस चिठ्ठीत त्याचा क्रमांक घालू नका.

मुलांचे प्रश्न

प्रश्न विचारायलाही शब्द लागतात. ‘काही अडचण?’ या प्रश्नाला मुलं गप्प राहतात, त्याचं एक कारण असं की अडचण कुठे आहे हे सांगायचं वाक्यच त्यांच्याकडे नसतं. तीन वाक्यं फळ्याच्या वर कायमची लिहून ठेवा: ‘मला इथपर्यंत कळलं, इथून पुढे नाही.’ ‘या शब्दाचा अर्थ काय?’ ‘असं केलं असतं तर काय झालं असतं?’ पहिल्या वाक्यात ‘नाही’ म्हणण्याआधी ‘कळलं’ येतं, म्हणून ते उच्चारायला सर्वांत कमी धीर लागतो.

प्रश्नपेटी ठेवायची तर बुटांचं रिकामं खोकं घ्या आणि वर फट पाडा. ती शिक्षकाच्या टेबलावर नको, दाराजवळ हवी, म्हणजे जाता-येता चिठ्ठी टाकता येते. आठवड्याचा एक वार ठरवा, तीन चिठ्ठ्या काढा, पंधरा मिनिटं द्या. पहिल्या आठवड्यात निम्म्या चिठ्ठ्या ‘अमका मला चिडवतो’ अशा असतात. त्या वाचून दाखवू नका, बाजूला ठेवून त्या मुलांशी एकेकटं बोला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेटी रिकामी निघते आणि उपक्रम बंद पडतो. तेव्हा दर वाराला पाच हजेरी क्रमांक ठरवून द्या, त्यांनी एक-एक प्रश्न टाकायचाच. आणि ‘हे अक्षर तर अमक्याचं!’ असं एकदा जरी तोंडून गेलं तरी पेटीचा उपयोग संपला.

उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, परवा सांगतो’ म्हणा आणि प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात तारखेसह लिहा. परवा सांगायचंच. ‘हे आपल्या अभ्यासक्रमात नाही’ हे उत्तर मुलं ‘गप्प बस’ असंच ऐकतात.

रागवावं लागतंच तेव्हा

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. छडी बहुतेक शाळांतून गेली, जीभ राहिली. ‘ढ’, ‘तुझा भाऊ बघ’, ‘बापाला बोलावून आण’ ही मानसिक छळाचीच रूपं आहेत, आणि त्यांचा व्यवहारातला तोटा असा की एकाला बोललेलं सगळे लक्षात ठेवतात आणि सगळेच गप्प होतात.

पायऱ्या ठेवा. बोलणं न थांबवता त्या बाकाजवळ जाऊन उभे राहा. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर बाकाजवळ वाकून, त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात नाव आणि काय करायचं ते सांगा: ‘वही उघड, तिसरं गणित.’ काय करू नको ते नाही, काय कर ते. तरीही नाही जमलं तर मधल्या सुट्टीत दोन मिनिटं, एकटं. वर्गासमोर सवाल-जवाब करू नका. चाळीस प्रेक्षक असताना कुठलंच मूल माघार घेत नाही.

वहीतलं बोलणं

लाल टिक, सही आणि तारीख हे अधिकाऱ्यांसाठी असतं, मुलासाठी त्यात काही नसतं. चाळीस वह्यांवर रोज लिहिणं अशक्य आहे, म्हणून रोज आठ वह्या घ्या, प्रत्येकीला दीड मिनिट. बारा मिनिटांत होतं आणि पाच दिवसांत वर्ग पूर्ण होतो. एक चूक निवडा, तिच्याखाली प्रश्न लिहा: ‘इथे हातचा कुठे गेला?’ मुलाने त्याखाली उत्तर लिहायचं. पुढच्या वेळी आधी ते उत्तर वाचा. दोन महिन्यांनी काही वह्यांत मुलं उलट प्रश्न लिहू लागतात. त्या वह्या घरी घेऊन जाव्यात इतक्या वाचनीय असतात.

तास संपायला तीन मिनिटं असताना अर्ध्या पानावर एकच ओळ लिहून घ्या: आज कुठे अडलं. नाव ऐच्छिक ठेवा. दारातून बाहेर पडताना मुलांनी त्या दोन ढिगांत टाकायच्या, ‘अडलं’ आणि ‘नाही अडलं’. कुठला ढीग जाड आहे ते न वाचताही दिसतं, आणि उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते ठरतं. रद्दीतले पाठकोरे कागद यासाठी पुरतात.

सहा आठवड्यांनी पुन्हा एक तास रेकॉर्ड करा. बाक तोच, वेळ तीच, खुणा त्याच. मधल्या काळात ‘कळलं का?’ तोंडून निसटत राहणार. वर्षानुवर्षांची सवय आहे. त्यासाठी मॉनिटरला एक काम द्या: तुम्ही ‘कळलं का?’ म्हणालात की त्याने फळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ मारायची, पाचवी आडवी. पहिल्याच तासाला पाचाचे चार-पाच गठ्ठे होतात, वर्ग हसतो, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून कोणीतरी न विचारता म्हणतं, ‘बाई, आत्ता म्हणालात, त्याने रेघ मारलीच नाही!’ कागदावर तिथे एक ‘आ’ लिहा.